वेक्ना कोणाच्या बापाचा?

साठ पानांची फाइल घेऊन खेळायला बसणाऱ्या डंजन मास्टरशी माझं भांडण आहे. व्यक्तिशः नाही हो, माणूस बहुधा सज्जनच असतो. बऱ्याचदा आमच्याच क्षेत्रातला असतो, त्यामुळे फाइलला अनुक्रमणिका असते, आवृत्ती क्रमांक असतो, नकाशे असतात. तीन महिने रात्री जागून त्याने अकरा देव, त्यांच्या वंशावळी, चार युगं आणि विश्वासघाताने मेलेला-पण-न-मेलेला असा एक जादूगार, एवढं सगळं लिहून आणलेलं असतं. पाच जण सुट्टीचा शनिवार काढून फासे घेऊन बसतात आणि हा वाचायला लागतो. पाऊण तासाने कोणीतरी विचारतं, "माझी पुजारीण या देवीचं देऊळ सोडून का गेली असेल?" उत्तर तयार: "पान एकवीस बघ."

खेळ संपला. फासे नंतर चार तास पडत राहतात ती गोष्ट वेगळी.

माझं म्हणणं एवढंच आहे की या खेळातले देव आणि त्यातली भुतंखेतं ही पहिल्यापासून चार जणांनी मिळून रचलेली आहेत, आणि जेव्हा जेव्हा कोणी एकाने (मग तो आपला मित्र असो नाहीतर शेअर बाजारातली कंपनी) "हे माझं, हे पूर्ण झालंय, हात लावू नका" म्हटलं तेव्हा तेव्हा त्यातला जीव गेला. हे मी हवेत बोलत नाहीये. सगळा इतिहास डोळ्यासमोर आहे, आणि तो मला तरी भयंकर मजेदार वाटतो.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा १९७४ साली अमेरिकेत छापून आलेला खेळ. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. "मी दार ढकलतो" म्हणायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, दार उघडलं की नाही ते त्यावर ठरतं. पट लागेलच असं नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. हरणं-जिंकणं असं काही नाही. बोलता बोलता टेबलावर जी गोष्ट तयार होते, तोच खेळ.

आता यात देव कुठून आले ते बघा. डेव्ह आर्नेसन नावाच्या गृहस्थाने १९७१ च्या सुमारास मिनेसोटातल्या आपल्या मित्रांबरोबर ब्लॅकमूर नावाचं जग खेळायला घेतलं. त्यात एका खेळाडूचं पात्र चक्क व्हॅम्पायर झालं. नाव सर फँग. हा मेलेला गडी इतका भारी पडायला लागला की बाकीच्यांना खेळणं मुश्कील. मग त्याला वेसण घालायला एक नवीनच प्रकारचं पात्र काढलं, पिशाचांचा बंदोबस्त करणारा धर्मगुरू. त्याचाच पुढे क्लेरिक झाला. म्हणजे या खेळात धर्म आला तो भक्तीबिक्तीमुळे नाही. एका मित्राचं मढं फार माजलं होतं, म्हणून आला!

क्लेरिक आला म्हणजे तो कोणाचा तरी भक्त असणार. तिकडे विस्कॉन्सिनमध्ये गॅरी गायगॅक्सच्या टेबलावर खेळाडूंनी नेमकं हेच विचारलं, की आमचा देव कोण? गायगॅक्सकडे फाइल नव्हती. त्याने थट्टेत दोन देव ठोकून दिले. एक सेंट कथबर्ट, जो न मानणाऱ्याला सोटा हाणून पटवतो. दुसरा फोल्टस, ज्याच्या भक्तांना दुसरा कुठला देव असतो हेच कबूल नाही. आज हे दोघंही ग्रेहॉकच्या देवमंडळात मानाने बसलेले आहेत. खेळाडूने प्रश्न विचारला म्हणून जन्मलेले देव, आणि तेही विनोदात.

जादूगारांचंही तेच. टेन्सर हा जादूगार गायगॅक्सच्या मुलाचा, अर्नी गायगॅक्सचा. 'अर्नेस्ट'ची अक्षरं फिरवली की टेन्सर. ड्रॉमिज म्हणजे जिम वॉर्ड उलटा. रॅरी ब्रायन ब्लूमचा. मेल्फ हे नाव तर गायगॅक्सच्या दुसऱ्या मुलाच्या कागदावर पुरुष या अर्थी 'एम' आणि पुढे 'एल्फ' असं लिहिलेलं होतं त्यातून आलं असं सांगतात. शनिवार-रविवारी जमणारी बाप, पोरं आणि शेजारीपाजारी. त्यांची नावं मंत्रांना चिकटली आणि जगभर गेली.

आणि आता मुख्य पाहुणा. १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत 'लिच' आला. लिच म्हणजे आपल्याकडच्या ब्रह्मसमंधाचा लांबचा चुलतभाऊ. विद्येच्या जोरावर मरण चुकवलेला, हाडं झालेला जादूगार. फरक इतकाच की आपला समंध वासना राहिली म्हणून अडकतो आणि हा ठरवून अडकून घेतो. त्याचा जीव एका वस्तूत वेगळा काढून ठेवलेला असतो. (राक्षसाचा जीव पोपटात, ही गोष्ट आजीकडून ऐकलेल्या माणसाला हे काही नवीन सांगायला नको.) मग १९७६ च्या एल्ड्रिच विझर्ड्री या पुरवणीत दोन वस्तू आल्या, वेक्नाचा हात आणि वेक्नाचा डोळा. कल्पना ब्रायन ब्लूमची. वेक्ना हे 'व्हान्स' या आडनावाची अक्षरं फिरवून केलेलं नाव. जॅक व्हान्स या लेखकाच्या गोष्टींवरून खेळातली जादूची पद्धत उचललेली, म्हणून त्याला हा नमस्कार. सोबत एक तलवार, कासची. वेक्नाने आपल्या उजव्या हाताच्या माणसासाठी, कास नावाच्या रक्षकासाठी, ती घडवली आणि त्याच तलवारीने कासने त्याचा घात केला. उरला तो एक हात आणि एक डोळा.

बस्स. एवढंच होतं. वेक्ना कोण होता, कुठल्या गावचा, कासवर त्याचा इतका विश्वास का, घात नेमका कशावरून झाला, काही नाही. तलवारीने कासचे कान भरले असं म्हणतात. मग दोष कासचा की तलवारीचा? आणि तलवार तर वेक्नानेच घडवलेली, मग दोष त्याचाच नाही का? मला विचाराल तर या एका गाठीत जेवढं नाट्य आहे तेवढं पुढच्या पन्नास वर्षांत छापलेल्या कुठल्याही पुस्तकात नाही. आणि ते आहे कारण कोणी ती गाठ सोडवून दाखवलेली नव्हती.

त्याहून गंमत म्हणजे १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये अशा वस्तूंच्या वर्णनाखाली चक्क रिकाम्या ओळी छापल्या होत्या. या हाताच्या अंगात नेमक्या काय काय शक्ती ते तुम्हीच ठरवा आणि पेनाने लिहा! पैसे घेऊन विकलेल्या पुस्तकात रिकाम्या ओळी. आजच्या एखाद्या प्रॉडक्ट मॅनेजरला दाखवा, तो बग म्हणून नोंदवेल.

त्या रिकाम्या जागेत काय काय उगवलं पाहा. नव्वदच्या दशकात एका डीएमकडे खेळाडूंचे दोन गट होते. एका गटाने दुसऱ्याला फसवायला आवई उठवली की हात आणि डोळाच नाही, वेक्नाचं डोकंसुद्धा आहे. कुठलं तरी डोकं पेटीत घालून, भोवती सापळे लावून पुरून ठेवलं. दुसऱ्या गटाने ते जिवावर उदार होऊन मिळवलं. आता हात बसवायचा तर आपला हात कापावा लागतो, डोळा बसवायचा तर आपला डोळा काढावा लागतो. मग डोकं बसवायला... हो, त्यांनी तेच केलं. एकाचं मुंडकं उडवून झाल्यावर बाकीच्यांचं निदान असं, की आपलं बसवण्यात काहीतरी चुकलं. 'वेक्नाचं डोकं' ही कंपनीची नव्हे, खेळाडूंची निर्मिती, आणि ती इतकी गाजली की पुढे कंपनीच्या अधिकृत साहित्यालाही तिची दखल घ्यावी लागली.

२०१५ ते २०१७ दरम्यान क्रिटिकल रोल या आवाजाच्या कलाकारांच्या मंडळींनी आपला खेळ लोकांसमोर खेळला, त्यात शेवटचा खलनायक वेक्नाच. २०२२ मध्ये स्ट्रेंजर थिंग्जच्या चौथ्या भागात पोरं एका भयानक प्राण्याला वेक्ना म्हणतात, कारण त्यांच्या खेळात तो असतो. म्हणजे पोरांनी आपल्या टेबलावरचं नाव आपल्या भीतीला दिलं. ज्यांनी कधी फासा हातात धरला नाही त्यांनाही वेक्ना माहीत झाला तो असा.

आता दुसरी बाजू बघू. देवांची 'फाइल' कशी दिसते? १९८० मध्ये डेइटीज अँड डेमिगॉड्स नावाचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन वगैरे देवांच्या जोडीला 'इंडियन' असंही एक प्रकरण आहे. इंद्र, वरुण, अग्नी, काली, यम, लक्ष्मी सगळे हजर, आणि प्रत्येकासमोर चिलखताचा आकडा आणि प्राणांचा आकडा. लक्ष्मीला किती फटके बसले की ती पडेल याचा हिशोब! धार्मिक भावना वगैरे दुखावल्या म्हणून मी हे सांगत नाहीये, त्या खात्यात माझी फारशी शिल्लक नाही. तक्रार कारागिरीची आहे. आकडा आहे, आयुध आहे, वाहन आहे, पण या देवाचं माझ्या पात्राशी काय देणंघेणं आहे याचा पत्ता नाही. डेटाबेस भरलाय, पण टेबलं एकमेकांना जोडलेलीच नाहीत. साठ पानी फाइल म्हणजे याच पुस्तकाचा नातू.

आणि मालकी एका हाती गेली की काय होतं तेही बघा. १९८६ मध्ये गायगॅक्स आपणच स्थापलेल्या कंपनीतून, टीएसआरमधून, बाहेर पडला. नावं कंपनीकडेच राहिली. १९९० मध्ये कंपनीने 'वेक्ना लाइव्हज' नावाची मोहीम काढली. तिच्या सुरुवातीला खेळाडूंच्या हातात टेन्सर, रॅरी, ड्रॉमिज, बिगबी अशी जुन्या टेबलावरची नामांकित पात्रं द्यायची आणि ती वेक्नाकडून मरावीत, अशी रचना. खेळाडूंनी कितीही डोकं चालवलं तरी शेवट ठरलेला. त्यात वेक्ना कसा भीतीदायक ठरतो वगैरे कौतुक खूप होतं, आणि मोहीम लिहिणारा डेव्हिड कुक हा मोठाच कारागीर, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांच्या शनिवार-रविवारातून ही नावं आली त्यांना कोणी विचारलं? पुढे २००० मध्ये 'डाय वेक्ना डाय' आलं आणि त्यातल्या विश्वाच्या उलथापालथीकडे, नियमांची दुसरी आवृत्ती जाऊन तिसरी येण्याचं गोष्टीतलं कारण म्हणून पाहिलं गेलं. म्हणजे ज्याचा घात झाला तो बिचारा जादूगार शेवटी रिलीज नोट झाला.

त्याच २००० साली नव्या मालकांनी (१९९७ मध्ये टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्टने घेतली, १९९९ मध्ये विझर्ड्सला हॅस्ब्रोने) नियमांचा मोठा भाग खुल्या परवान्याखाली सोडला. ओपन सोर्सवाल्या माझ्यासारख्याला खरं तर आनंद व्हायला हवा, आणि झालाही. पण त्या खुल्या दस्तऐवजात टेन्सरची तरंगती तबकडी नुसती 'तरंगती तबकडी' झाली. मेल्फचा आम्लबाण नुसता 'आम्लबाण'. नियम तुमचे, नावं आमची! ज्या पोरांनी ती नावं खेळता खेळता पाडली त्यांचीच नावं 'उत्पादनाची ओळख' म्हणून कुलूपबंद. क्रिटिकल रोलवाल्यांनी २०१७ मध्ये आपल्या जगाचं पुस्तक काढलं तेव्हा त्यात वेक्नाला वेक्ना म्हणता आलं नाही, त्याला 'कुजबुजला जाणारा' अशा अर्थाचं टोपणनाव द्यावं लागलं. वेक्ना हा गुपितांचा देव. त्याचं नाव घ्यायला लोक घाबरतात असं गोष्टीत आहे. वकिलांमुळे ते अक्षरशः खरं झालं.

मग जानेवारी २०२३. कंपनीने जुना खुला परवाना मोडीत काढून नवा आणायचा घाट घातलाय असा मसुदा बाहेर फुटला. साडेसात लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्याने वरच्या रकमेतला मोठा वाटा द्यायचा, शिवाय तुम्ही रचलेलं कंपनी हवं तसं वापरू शकणार, असली कलमं. खेळणारे असे काही खवळले की महिना संपायच्या आत, २७ जानेवारीला, कंपनीने माघार घेऊन नियमांचा तो दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. लोक पैशासाठी खवळले असं म्हणणारे आहेत. ज्यांचा धंदा होता ते पैशासाठी, मान्य. पण माझ्या ओळखीतल्या ज्या लोकांनी त्या महिन्यात आदळआपट केली त्यांनी या खेळातून आयुष्यात दमडी कमावलेली नाही. त्यांना कळलं होतं की आपण ज्यात भर घालतो ते आपलं समजलं जात नाहीये. नेमकी हीच जखम एकवीस नंबरचं पान दाखवणारा डीएम करतो. फक्त त्याच्याकडे वकील नसतो.

"पण मग खिचडी होते त्याचं काय?" हा आक्षेप हमखास येतो, आणि पुढचं नाव टॉल्किनचं येतं. एका माणसाने बसून सगळं रचलं म्हणूनच ते इतकं एकसंध झालं ना? झालं की. पण टॉल्किनने पुस्तकं लिहिली. वाचकाला पान एकवीसवर जायला सांगणं पुस्तकाला शोभतं. चार माणसांना घरी बोलवायचं, त्यांना सांगायचं की तुम्ही नायक, आणि मग त्यांच्या देवाचा स्वभाव त्यांनाच वाचून दाखवायचा, याला शिकवणी म्हणतात. ज्याला कादंबरी लिहायची आहे त्याने खुशाल लिहावी, मी विकत घेईन.

खिचडीचं म्हणाल तर ती होते, खोटं कशाला बोलू. दोघांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या की कोडमध्ये आपण एक ठेवतो, एक उडवतो. पुराणात तसं करायची गरजच नसते. दोन पंथ करा! एक म्हणतो कास गुन्हेगार, दुसरा म्हणतो तलवार गुन्हेगार, आणि दोघांचे पुजारी एकमेकांच्या गावचं पाणी पीत नाहीत. विसंगती मिटवायला बसलात तर तीन तास जातात. राहू दिलीत तर पुढच्या तीन सत्रांचं भांडवल मिळतं.

आमच्याकडे, म्हणजे पुण्यात एका मित्राच्या हॉलमध्ये एक शनिवार आड, हे असंच चालतं. डीएमने पहिल्या दिवशी मेलेल्या जादूगाराबद्दल एकच वाक्य सांगितलं: याला जवळच्या कोणीतरी दगा दिला, म्हणून हा मरू शकत नाही. कोणी दिला ते तुम्ही सांगा. सेनापती, भाऊ, बायको ही नेहमीची यशस्वी मंडळी पहिल्या मिनिटात येऊन गेली. मग चोराचं पात्र चालवणारा आमचा एक मित्र (दिवसा सीए) म्हणाला, "लेखनिकाने." अमरत्वाच्या विधीची नक्कल करणाऱ्या पोराने एक ओळ मुद्दाम गाळली. मला तर घामच फुटला, कारण कॉपी-पेस्टमध्ये एक ओळ गळल्यावर काय होतं ते मी पगार घेऊन पाहिलेलं आहे. त्या ओळीत काय होतं? दुसरा म्हणाला, नावं होती. मग जादूगार जगतो, पण दर वर्षी आपल्या एका माणसाचं नाव विसरतो. आणि लेखनिकाने हे केलं कोणासाठी? इथे आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी मैत्रीण, जी पुजारीण खेळते, तिने देवी आणली. विस्मृतीची. देवळात जाऊन जे नकोसं आहे ते मोठ्याने बोलायचं, देवी ते ठेवून घेते. परत देत नाही.

वीस मिनिटं. एवढ्यात एक देवी, एक दगा, एक खलनायक, आणि चौघांचंही त्यात काही ना काही गुंतलेलं.

सात-आठ महिन्यांनी खेळात तो जादूगार त्या देवळाच्या दारात आला. लढायला नाही. मुलीचं नाव परत मागायला. उत्तर पुजारणीने द्यायचं होतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नाव आमच्याकडे नाही. पण तू रोज ये. तुला एक मुलगी होती, एवढं आम्ही तुला रोज सांगू." फाशाला कोणी हात लावला नाही. तिच्या वडिलांना दोन वर्षांपासून घरची माणसं ओळखू येत नाहीत हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिने ते टेबलावर कधी काढलं नव्हतं, त्या दिवशीही काढलं नाही, आणि आम्ही कोणी विचारलं नाही. चहा झाला, पुढचा प्रसंग सुरू झाला.

सांगा, हे कुठल्या फाइलमध्ये बसवणार?

आता तर फाइल करायला तीन महिनेही लागत नाहीत. चॅटबॉटला सांगितलं की चहा उकळेपर्यंत सत्तर पानं, वंशावळीसकट. अलीकडे अशा दोन फायली माझ्याकडे 'जरा बघून सांग' म्हणून आल्या. दोन्हीत जादूगाराला दगा त्याच्या पट्टशिष्यानेच दिलेला, दोन्हीत एक चंद्राची देवी उदास. मी यंत्राला शिव्या घालणार नाही, दिवसभर तेच वापरतो. हाताने टंकलेली फाइलही एवढीच बंद असायची. फरक पडला तो असा, की पूर्वी डीएमच्या मेहनतीकडे बघून लोक गप्प बसायचे. आता गप्प बसायला तेही कारण उरलं नाही. त्यामुळे कोणी अशी सत्तर पानं वाचायला लागला तर मी सरळ विचारतो, "यातलं माझ्यासाठी काय ठेवलंयस?"

आमच्या जादूगाराच्या मुलीचं नाव काय, हे अजून ठरलेलं नाही. मागच्या महिन्यात आलेल्या नव्या भिडूने उत्साहात तीन नावं सुचवली. सीए म्हणाला, "थांब रे जरा," आणि फासा त्याच्याकडे सरकवला.